जमिनीचा वकील, कर्जाचा वकील

सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास भिवंडीच्या कोर्टात जा. काय दिसेल? काळे कोट घातलेली मंडळी लगबगीने ये-जा करताना दिसतील. टायपिंगवाले, झेरॉक्सवाले कामात दिसतील. आणि कडेला सावली बघून, हातात पिशवी घेऊन बसलेली आपली माणसे दिसतील. कोणी अंजूरहून आलेला. कोणी पडघ्याहून. कोणी पार दुगाडकडून. पिशवीत काय असते? सातबारा असतो. आजोबांच्या वेळचे खरेदीखत असते. नाहीतर बँकेची नोटीस असते.

वकील म्हटला की आपल्याला खुनाचा खटला आठवतो. साक्षीदार आठवतात, उलटतपासणी आठवते. सिनेमात तेच दाखवतात. पण तालुक्याच्या गावात ज्याचे एका खोलीचे ऑफिस आहे, हाताशी एक कारकून आहे, अशा वकिलाचा दिवस सहसा खुनाच्या खटल्यात जात नाही. त्याच्याकडे फार करून दोन प्रकारची माणसे येतात. एक, जमीन विकणारी आणि घेणारी. दुसरी, कर्जात बुडालेली. वरवर पाहिले तर ही दोन कामे वेगळी. पण आपल्या तालुक्यात ती एकाच घरात शिरतात. कधी कधी तर एकाच माणसाच्या वाट्याला येतात. ते कसे, ते आता पाहू.

आधी वकील कसा होतो, ते थोडक्यात सांगतो. बारावीनंतर पाच वर्षे, किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायदा शिकावा लागतो. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद मिळते. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. १९६१ च्या कायद्याप्रमाणे हे चालते. अलीकडे आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती साऱ्या देशासाठी एकच असते. पण सनद मिळाली म्हणजे काम मिळाले असे नाही. पहिली काही वर्षे नवा वकील एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली काढतो. तारखा लिहून घेतो. तलाठ्याकडे खेपा घालतो. रजिस्टर कचेरीत बसून जुनी दप्तरे चाळतो. वकिलाला स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. त्यामुळे त्याचे नाव पसरते ते माणसांच्या तोंडून. लग्नात, बाजारात, एस.टी.त लोक एकमेकांना विचारतात, "तुझं काम कोणी केलं रे?"

आता जमिनीकडे येऊ.

भिवंडीच्या जमिनीला एवढा भाव का आला? शहरात यंत्रमाग, खेड्यांत भात, अशी आपली जुनी ओळख. पण मुंबई जवळ आणि आग्रा रोड दाराशी. मुंबईत माल ठेवायला जागा महाग झाली. मग काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली या गावांच्या शेतांत गोदामे उभी राहिली. शहरातल्या माणसाने फोनवर बोट ठेवून पंखा मागवला, तर तो पुष्कळदा आपल्याच शेजारच्या गोदामातून निघतो. पुढे समृद्धी महामार्ग आला. नागपूरहून निघालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या तालुक्यात आमणे येथे संपतो. त्याचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ता आला की दलाल आला. दलाल आला की कागद आला. आणि कागदावर सही हवी असते ती तुमची.

सही करण्याआधी वकील काय बघतो?

तो आधी सातबारा बघतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते लिहिलेले असते. बारामध्ये पीक कोणते आहे ते असते. आपण आपले नाव बघतो आणि कागद घडी घालून ठेवतो. वकील मात्र 'इतर हक्क' असे लिहिलेल्या जागी आधी नजर टाकतो. सोसायटीचे कर्ज असेल तर त्याचा बोजा तिथे असतो. कुळाचे नाव तिथे असते. बहिणींची नावेही पुष्कळदा तिथेच असतात. जमीन वर्ग एकची की वर्ग दोनची, हेही तो बघतो. वर्ग दोनची असेल तर सरकारी परवानगी घेतल्याशिवाय ती विकता येत नाही.

मग तो फेरफार बघतो. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. कोणाचे नाव कोणत्या साली, कशावरून चढले आणि कोणाचे कमी झाले, ती सारी कथा फेरफारात असते. सातबारा हा आजचा फोटो, तर फेरफार म्हणजे घराण्याचा इतिहास. फेरफार नोंदवायचा असेल तेव्हा तलाठी संबंधितांना नोटीस देतो. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. ही नोटीस आपल्या घरी येते, आणि पुष्कळदा ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली जाते.

मी शाळेत असताना लोक असे कागद घेऊन शाळेत येत. "गुरुजी, एवढं वाचून दाखवा." मी वाचून दाखवी. कागदावरची तारीख बघितली तर मुदत संपून गेलेली असे. आता तुम्ही स्वतः वाचू लागला आहात. तेव्हा कागद हातात आला की सर्वांत आधी तारीख वाचा. मजकूर मग.

वकिलाचे पुढचे काम म्हणजे शोध. मागची तीस वर्षे रजिस्टर कचेरीत त्या जमिनीचे कोणते दस्त झाले, ते तो काढतो. तिथे 'सूची क्रमांक दोन' नावाचा उतारा मिळतो. कोणी कोणाला काय दिले, केवढ्याला दिले, ते त्यात असते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री रजिस्टर झालीच पाहिजे. आज शंभर रुपयांत गुंठाभर खडकसुद्धा मिळत नाही. म्हणजे जमिनीची प्रत्येक विक्री रजिस्टर व्हायलाच हवी. पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे जमीन विकली गेली, असे मुळीच नाही.

इथे तीन कागदांची नावे नीट ध्यानात ठेवा. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि खरेदीखत. साठेखत म्हणजे पुढे विकीन असा करार. त्याने मालकी जात नाही. कुलमुखत्यारपत्र म्हणजे माझ्या वतीने तू काम कर, असे लिहून देणे. त्यानेही मालकी जात नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ साली हे स्वच्छ सांगितले आहे. मालकी जाते ती रजिस्टर खरेदीखताने. मग दलाल साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र का करून घेतात? कारण मुखत्यारपत्र हातात असले की तुमच्या नावाने पुढची सही दुसराच कोणी करू शकतो. त्याने रजिस्टर खरेदीखत करून दिले, तर ते तुम्हीच दिल्यासारखे होते. पैसे कोणाच्या खात्यात गेले ते शोधत तुम्ही कोर्टात बसता.

जुन्या कुळांच्या जमिनींचे आणखी एक आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले, असे कायद्याने मानले. ठाणे जिल्ह्यातल्या पुष्कळ कुटुंबांना जमीन अशीच मिळाली. पण त्या जमिनीच्या विक्रीला अट होती, कलेक्टरची परवानगी घ्यायची. २०१४ साली ही अट सैल झाली. खरेदीचा दाखला मिळून दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम सरकारात भरून विक्री करता येते. आकार म्हणजे शेतसारा. तो इतका थोडा असतो की चाळीस पट म्हणजेही मोठी रक्कम होत नाही. तरी ती न भरता व्यवहार केला तर पुढे अडतो. आदिवासी बांधवांच्या जमिनीचा कायदा याहून कडक आहे. ती बिगर आदिवासी माणसाला द्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि तीही सरकारच्या संमतीने. दोन साक्षीदार आणि एक अंगठा एवढ्याने ती जमीन जात नाही. कोणी तसे सांगत असेल तर तो खोटे सांगतो आहे.

आणि बहिणी? महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. गोदामवाला जमीन घेणार असेल तर त्याचा वकील विचारतोच, "बहिणी किती? त्यांच्या सह्या कुठे आहेत?" मग भाऊबीजेला न आलेला भाऊ हक्कसोडपत्र घेऊन बहिणीच्या दारात उभा राहतो. "बाय, नुसती सही हाय. गाडीत बस, दोन तासांत परत सोडतो." बहीण सही करते, कारण माहेर तुटू नये असे तिला वाटते. हक्क सोडायचा की नाही हे तिने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच की तो कागद तिने वाचावा, आणि भावाच्या वकिलाऐवजी स्वतःच्या वकिलाला दाखवावा. एकच वकील दोघांचा असू शकत नाही.

जमीन घेणाराचा वकील पेपरात 'जाहीर नोटीस' देतो. बारीक अक्षरांत असते ती. गाव, सर्व्हे नंबर, मालकाचे नाव, आणि कोणाची हरकत असेल तर इतक्या दिवसांत कळवा, असा मजकूर असतो. पेपर हातात आला की ती पाने चाळत जा. आपल्या गावाचे नाव शोधण्यात वाचनाचा सरावही होतो.

आता जमीन विकली. पैसे आले. पुढे काय होते?

समजा, एका घराला दहा गुंठ्यांचे बरे पैसे मिळाले. घर बांधले. मुलीचे लग्न झाले. उरलेल्या पैशांत एक ट्रक घेतला, पण पुरे पैसे नव्हते म्हणून निम्मा कर्जावर घेतला. गोदामाला माल वाहू, हप्ते फेडू, असा हिशेब. वर्षभर ठीक चालले. मग भाडे कमी झाले. हप्ता भरायला मेहुण्याकडून हातउसने घेतले. भिशी उचलली. फोनवरून कर्ज देणाऱ्या कंपनीकडून वीस हजार घेतले. जमीन तर आता नाही, म्हणून भातही विकत घ्यायचे. आणि एक दिवस तोच माणूस त्याच वकिलाच्या ऑफिसात येऊन बसतो, ज्याने त्याचे खरेदीखत केले होते.

शहरातल्या मागवाल्यांचीही गोष्ट निराळी नाही. सूत उधार, कापड उधार, मजुरी मात्र रोख. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी असे एकामागून एक धक्के बसले. कित्येकांनी माग भंगाराच्या भावाने विकले.

अशा माणसाची बायको वकिलाला पहिला प्रश्न काय विचारते?

"साहेब, यांना पोलीस धरून नेतील का हो?"

"कर्ज फिटलं नाही एवढ्यावरून पोलीस धरत नाहीत, ताई. कर्ज हा दिवाणी मामला आहे."

"मग ती माणसं रात्री दारात येऊन ओरडतात ती?"

"बँकेच्या किंवा कंपनीच्या वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला परवानगी नाही. धमकी दिली तर ती पोलिसांत सांगायची. तारीख, वेळ लिहून ठेवा."

हे वकिलाचे म्हणणे बरोबर आहे. पैशाचा हुकूमनामा झाला तरी बाईला त्यासाठी अटक करता येत नाही. पुरुषाला दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे, पण जास्तीत जास्त तीन महिने. आणि सुप्रीम कोर्टाने १९८० साली सांगितले की केवळ गरिबीमुळे देता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात घालता येणार नाही. पैसे असून जो लबाडी करतो, त्याच्यासाठी ती तरतूद आहे.

मात्र चेकचे तसे नाही, बरं का. चेक परत गेला तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. चेक परत गेल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत समोरचा नोटीस पाठवतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर प्रश्न मिटतो. नाही दिले तर खटला होतो, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून सावकाराला सही केलेला कोरा चेक देणे म्हणजे त्याच्या हातात कोयता देणे. कोर्टाचे समन्सही तसेच. ते घ्यायचे टाळले म्हणून दावा थांबत नाही. जबाब द्यायला तीस दिवस असतात, कोर्टाने वाढवले तर नव्वद. गेलाच नाहीत तर निकाल एकतर्फी होतो.

कर्जदार आला की वकील एक यादी करायला सांगतो. कोणाचे किती? मुद्दल किती, व्याज किती? कागद आहे का? तारण काय? जामीन कोण? ही यादी करताना माणूस रडतो. कारण त्याने स्वतःही कधी सारे आकडे एका कागदावर मांडलेले नसतात.

मग वकील एकेक रक्कम तपासतो. तीन वर्षांपूर्वीचे हातउसने असेल आणि मध्ये काही लेखी झाले नसेल, तर दाव्याची मुदत गेलेली असू शकते. म्हणूनच जुना सावकार गोड बोलून म्हणतो, "पाचशे दे, आणि इथं सही कर." त्या सहीने मुदत पुन्हा सुरू होऊ शकते. सावकाराकडे परवाना आहे का, हेही बघायचे. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. अशा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत खरे ठरले तर जमीन परत मिळू शकते. दामदुपटीचा जुना नियमही वकील तपासतो. हिंदू कर्जदाराकडून एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येत नाही, असा तो नियम. आणि बापाच्या कर्जाचे? मुलाला बापाकडून जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. तो जामीन राहिला असेल तर गोष्ट वेगळी.

इतके करून जे कर्ज उरते, त्यासाठी आधी तडजोड. बँका कधी कधी एकरकमी तडजोड करतात. लोकअदालतीत कोर्ट फी पडत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तेवढेच तिथे कबूल करायचे.

तडजोडही जमली नाही तर? मग एक वाट राहते. तिचे नाव नादारी. आपण तिला दिवाळे म्हणतो आणि तोंड फिरवतो.

नादारीचा कायदा मुंबई शहराला वेगळा आहे, १९०९ चा. भिवंडीला लागू आहे तो १९२० चा. पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज असेल आणि ते फेडता येत नसेल, तर माणूस कोर्टात अर्ज करू शकतो. पाचशेचा आकडा १९२० चा आहे. तेव्हा पाचशेत घर होत असे, आज एक चप्पल-जोड होतो. कायद्याला शंभर वर्षे झाली, आकडा तोच राहिला. अर्ज जिल्हा कोर्टात होतो, किंवा सरकारने ज्या खालच्या कोर्टाला अधिकार दिला असेल तिथे.

अर्जात सारे खरे लिहायचे. किती देणे, कोणाचे, आणि आपल्याजवळ काय आहे. कोर्ट सगळ्या घेणेकऱ्यांना कळवते. माणूस खरोखर नादार आहे असे ठरले, की त्याची मिळकत रिसीव्हरच्या ताब्यात जाते. रिसीव्हर म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस. तो मिळकत विकतो आणि पैसे वाटतो. त्यानंतर कोणी घेणेकरी कोर्टाला न विचारता वेगळा दावा लावू शकत नाही.

उदाहरण घेऊ. समजा, एका मागवाल्याचे देणे बारा लाख आहे. सूतवाल्याचे सहा, नातेवाइकाचे चार, भिशीचे दोन. माग आणि बाकी सामान विकून आले तीन लाख. म्हणजे रुपयाला चार आणे. सूतवाल्याला दीड लाख मिळेल, नातेवाइकाला एक लाख आणि भिशीला पन्नास हजार. जो जास्त ओरडतो त्याला जास्त, असे इथे होत नाही.

आणि सगळेच विकले जाते का? नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बाईचे मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. सुताराची करवत, शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याचे किंवा मजुराचे राहते घरही वाचते. पण शेतकरी कोण? जो स्वतः जमीन कसतो आणि मुख्यतः तिच्यावर जगतो तो. ज्याने शेत देऊन गोदाम बांधले आणि जो भाड्यावर जगतो, त्याला शेतकरी म्हणून ही सवलत मिळायची नाही. आपल्या तालुक्यात हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय घर गहाण टाकले असेल तर गहाणवाल्याचा हक्क नादारीतही कायम राहतो. शेतजमिनीलाही ही सवलत नाही.

वाटप झाले की माणूस कोर्टाकडे मुक्तता मागतो. मुक्तता मिळाली की उरलेले नऊ लाख कोणी मागू शकत नाही. पण ती आपोआप मिळत नाही. कोर्टाने ठरवलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीच रद्द होते, आणि सारे घेणेकरी पुन्हा दारात. चांगला वकील ही तारीख आपल्या डायरीत लाल शाईने लिहून ठेवतो. रुपयाला आठ आणेसुद्धा निघाले नाहीत, तर हे आपल्या चुकीने झाले नाही, हे कोर्टाला पटवावे लागते. टाळेबंदीत धंदा बसला, असे दाखवता येते. मटक्यात घालवले असेल तर काय दाखवणार?

काही देणी मुक्ततेनेही सुटत नाहीत. सरकारी देणे, फसवून घेतलेले कर्ज, बायकोची पोटगी. जामीनदारही सुटत नाही. तुम्ही नादार झालात की तुमचे कर्ज तुमच्या जामीनदाराच्या गळ्यात पडते. मेहुण्याला जामीन ठेवले असेल तर अर्जाआधी त्याला सांगणे हा माणुसकीचा भाग आहे. चेकचा फौजदारी खटलाही नादारीने आपोआप बंद पडत नाही.

लबाडीला तर इथे जागाच नाही. नादारीआधी दोन वर्षांत बायकोच्या किंवा भावाच्या नावे फुकट करून दिलेली मिळकत कोर्ट परत ओढू शकते. माल लपवला, खोटे हिशेब दाखवले, तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मुक्तता होईपर्यंत नादार माणसाला पन्नास रुपयेसुद्धा उसने घ्यायचे तर 'मी नादार आहे' असे सांगून घ्यावे लागतात. तोपर्यंत त्याला ग्रामपंचायतीचा सदस्यही होता येत नाही.

अशी ही वाट आहे. सोपी नाही, पण आहे. जीव देण्यापेक्षा, पोरांना घेऊन रातोरात गाव सोडण्यापेक्षा ती फार बरी. तरी फार थोडे लोक तिच्याकडे वळतात. एकतर लाज. दुसरे, वेळ लागतो. तिसरे, खुद्द वकिलांतही हा कायदा रोज वापरणारे कमी.

अमेरिकेत असे नाही. तिथे लहान गावातला वकील घरांचे खरेदीखतही करतो आणि सामान्य माणसाच्या दिवाळ्याचे अर्जही करतो. तो त्याचा नेहमीचा धंदाच आहे. तिथल्या कायद्यात दोन वाटा आहेत. एकीत, जे आहे ते विकून हिशेब मिटवायचा. दुसरीत, पगारातून तीन ते पाच वर्षे ठरावीक हप्ता भरायचा आणि घर राखायचे. अर्जाआधी जमाखर्चाचा सल्ला घ्यावा लागतो. आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. त्यात अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' अशी तरतूद लिहिली आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मिळकत वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचे घर नाही, अशांसाठी ती आहे. पण साध्या माणसांचा हा भाग सरकारने अजून लागू केलेला नाही. कंपन्यांचा भाग लागू होऊन बरीच वर्षे झाली. लहान माणसाला अजून १९२० च्या कायद्यावरच भागवावे लागते. मला हे योग्य वाटत नाही.

आता वकिलाच्या फीबद्दल. फी आधी ठरवा आणि पावती मागा. वकील खटल्यातल्या जमिनीत हिस्सा मागू शकत नाही. 'जिंकलो तर दोन गुंठे माझे' असे कोणी म्हणाला तर ते नियमाविरुद्ध आहे. ज्या खटल्यात तो वकील आहे, त्यातली लिलावाची मिळकत तो विकत घेऊ शकत नाही. फी राहिली म्हणून तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितले आहे. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. आणि मूळ दस्त शक्यतो देऊ नका, झेरॉक्स द्या. दिलाच तर लिहून घ्या.

फी द्यायला पैसे नसले तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, अपंग असेल, कारखान्यातला कामगार असेल, तर उत्पन्न कितीही असो. इतरांचे वर्षाचे उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे लागते. त्यासाठी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. अर्ज साध्या कागदावर चालतो. नाव, गाव, काय अडचण आहे, ते लिहायचे आणि खाली सही करायची. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा नंबर आहे. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफार, कर्जाचे कागद, बँकेचे पुस्तक आणि आलेल्या नोटिसा पाकिटांसह न्या. नोटीस किती तारखेला मिळाली हे पुष्कळदा त्या पाकिटावरच्या शिक्क्यावरून ठरते.